डॅशबोर्डमागचा दोरा

कामाला लागल्यापासून कित्येक वर्षं लोक माझ्या पायांशीच बोलले. गाडीच्या तळावर पाठ टेकायची, डोकं डॅशबोर्डच्या खाली घालायचं आणि पाय दाराबाहेर सोडायचे, ही माझी बैठक. गिऱ्हाईक यायचं, पायांकडे बघून विचारायचं, "काय रे, झालं का?" मी आतून म्हणायचो, "होतंय." मीही त्यांना चपला-बुटांवरून आणि आवाजावरून ओळखायचो. परवा बदलापूरच्या बाजारात एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज कानावर पडला आणि मी हात जोडून पुढे झालो. त्यांच्या गाडीचं मीटर मी दोनदा काढलं होतं. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "माफ करा, ओळखलं नाही." आता त्यात त्यांचा काय दोष? त्यांनी माझे तळवे पाहिलेले.

माझं काम एवढंच, मीटर काढायचं. ड्रायव्हरच्या समोर वेग, पेट्रोल, तेलाचा दाब, पाण्याची उष्णता आणि बॅटरीची वीज दाखवणाऱ्या सुया असतात. पुष्कळ गाड्यांत त्या सगळ्या एकाच चौकटीत बसवलेल्या असत. त्या अख्ख्या चौकटीला आमच्याकडे नुसतं 'मीटर' म्हणत. ती दुरुस्त करणारे कारागीर वेगळे, मुंबईत बसायचे. आमचं काम ती सुखरूप बाहेर काढण्याचं आणि परत बसवण्याचं. ऐकायला सोपं वाटतं. पण समोरून बघितलं तर कुठे स्क्रू दिसत नाही, आणि मागून बघायला जागा नाही. सगळं हाताला विचारत करायचं. भोवती लाकूड असतं, काच असते, बेकेलाइटची, ठिसूळ प्लॅस्टिकसारखी, कडी असते, आणि त्या काळात यातलं काही फुटलं तर दुसरं मिळत नसे.

त्यात सर्वांत नाजूक म्हणजे पाण्याची उष्णता दाखवणाऱ्या मीटरची तांब्याची नळी. ती काडीसारखी बारीक, तिच्या पोटात औषधासारखं काहीतरी भरून कायमची बंद केलेली. तिचं एक टोक मीटरला आणि दुसरं थेट इंजिनात. अनाडी माणसाला ती वायर वाटते. तो ती कापतो, काम झाल्यावर पीळ देऊन जोडतो आणि सुई का हलत नाही म्हणून काचेवर टिचक्या मारत बसतो. नळी कापली किंवा मुरगळली की ते मीटर मेलं. म्हणून आधी रेडिएटरचं पाणी सोडायचं, इंजिनाकडचं टोक मोकळं करायचं, नळी हळूहळू आत घ्यायची आणि मगच चौकटीला हात लावायचा.

हे सगळं मला ताहिलराम मिस्त्रींनी शिकवलं. त्यांचं गॅरेज कल्याण कॅम्पात होतं. त्या कॅम्पाला उल्हासनगर हे नाव नुकतंच मिळालं होतं, पण तोंडात सगळ्यांच्या कॅम्पच. लष्कराच्या रिकाम्या बराकींतून सिंधमधून आलेली माणसं कुटुंबंच्या कुटुंबं राहत होती. मिस्त्री कराचीहून आले होते. तिथे त्यांचं मोठं गॅरेज होतं असं लोक सांगत, ते स्वतः कधी बोलले नाहीत. इथे त्यांनी बराकीपुढे पत्रे टाकले आणि लष्कराने लिलावात काढलेल्या लॉऱ्या नि जिपा दुरुस्त करायला लागले.

मी भंडाऱ्याकडचा. घरी हातमाग होता. लढाईच्या दिवसांत सूत मिळेनासं झालं, माग बंद पडला. माझी शाळा त्याआधीच सुटली होती, चौथीत. आमच्या गावचा एक माणूस अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होता. त्याच्या भरवशावर मी आलो, तर तो अंबरनाथ सोडून दुसरीकडे गेलेला. अंबरनाथच्या मराठी माणसांत मी तोंड उघडलं की ती हसत. मी "मले काम पाहिजे" म्हणालो की एकजण दुसऱ्याला म्हणे, "ह्याले काम पायजे बघ." वाईट मनाने नव्हे, पण मी बोलणं कमी केलं. काम शोधत शोधत कॅम्पात पोचलो. तिथे माझी मराठी कोणालाच कळत नव्हती, त्यामुळे तिला हसायलाही कोणी नव्हतं.

मिस्त्रींनी आधी काय करत होतास विचारलं. मी कापड विणण्याची खूण करून दाखवली. ते म्हणाले, "उंगली दिखा." मी हात पुढे केले. त्यांनी आपला पंजा माझ्या हाताशेजारी धरला. त्यांचं एकेक बोट माझ्या दोन बोटांएवढं. डॅशबोर्डमागे तो हात जातच नसे, ही त्यांची कराचीपासूनची अडचण. त्याच दिवशी मला काम मिळालं. बराकीच्या मागच्या पडवीत झोपायला जागा मिळाली, आणि त्यांच्या बायकोकडून, जिला सगळे अमां म्हणत, दोन वेळचं ताट. सकाळी कोकी, दुपारी पालक-डाळीची सायभाजी नि भात. कांद्याची ती जाड पोळी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला रडू आलं. तिखट होती हे एक, आणि गरम होती हे दुसरं.

मिस्त्रींनी मला एकच नियम दिला. "जोर लगाना पडा, तो हाथ रोक, पुट. कुछ बाकी है." पुट म्हणजे मुलगा. सिंधी माणूस कोणालाही पुट म्हणतो हे मला नंतर कळलं, पण कळेपर्यंत मी त्या शब्दावर पुष्कळ दिवस काढले.

मी घाबरट होतो. काही मोडलं तर ही जागा जाईल, हे भय आंघोळीलासुद्धा बरोबर असे. गॅरेजात कोणी मला रागावत नसे, त्याचीच जास्त भीती वाटे. रविवारी गॅरेज बंद. कॅम्पातली माणसं एकमेकांकडे जात, पापड खात, रडत, भांडत. त्यांना आठवायला एकच सगळ्यांचं शहर होतं. मी अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिरापर्यंत चालत जायचो, ओढ्याकाठी बसायचो, परत यायचो. येताना मोरिवलीच्या वाटेने गुरं घरी जात असायची. कोणाशी बोलायचं म्हणून मी गुराख्याला वेळ विचारायचो. त्याच्याकडे घड्याळ नाही हे मला ठाऊक असायचं.

त्या भीतीतूनच माझी दोऱ्याची रीत निघाली. लष्करी लॉऱ्यांच्या वायरींना कापडाचं वेष्टण असे, आणि तेलाने-धुळीने त्यांचे सगळे रंग काळे झालेले. सुटी केल्यावर कुठली कुठे होती हे ओळखणार कसं? विजेची जाड वायर पेट्रोलच्या मीटरला लागली तर धूरच. पण विणकराच्या घरी हाच प्रश्न रोजचा. मागावर शेकडो धागे एकसारखे पांढरे असतात आणि त्यांचा क्रम चुकून चालत नाही. म्हणून त्यांच्यातून आडवा दोरा ओवून ठेवतात, एका धाग्याच्या वरून, पुढच्याच्या खालून, परत वरून. मग धागे कितीही हलवा, रांग मोडत नाही. मी तेच वायरींना केलं. बॅटरी सोडली, वायरी डावीकडून उजवीकडे एकेक काढल्या की आडवा दोरा ओवत जायचो आणि तोंडाने पुटपुटत जायचो, वर, खाली, वर, खाली. मीटर परत बसलं की दोरा अलगद ओढून घ्यायचो. मागावर तसंच करतात. काम झाल्यावर तो दोरा कापडात राहत नाही.

दोराही घरचाच होता. माग शेवटचा थांबला तेव्हा उरलेलं हातहातभर सूत वडिलांनी गुंडाळून दिलं होतं, बटण तुटलं तर लावायला. ते काही गाड्यांतून आत-बाहेर करत करत काळं झालं, पण मी टाकलं नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. मोरिवलीचे एक गवताचे व्यापारी होते, त्यांनी लिलावातली लॉरी घेतली होती. तेलाची सुई थरथरते म्हणून ते तिसऱ्यांदा आले.

"तिला गच्च बसवा," ते म्हणाले. "रस्ताभर थरथर करते. मला वाटतं कोणीतरी आजारी आहे."

मी आतून सांगितलं की इंजिन चालू आहे म्हणून सुई हलते, थांबली तर काळजी करा.

"मग मी काय रोज काळजीच करत गाडी चालवू?" ते म्हणाले आणि खरंच, पुढे त्यांनी त्या मीटरवर गणपतीचं चित्र डकवलं. दाब किती हे गणपती बघेल, त्यांना निदान थरथर दिसत नव्हती.

डॅशबोर्डखाली माणूस आहे हे लोक विसरतात. वर सीटवर बसून ते काय काय बोलत. मुलीच्या लग्नाचं, वरिष्ठांचं, स्वतःशीच. मी पान्याचा आवाज करून आठवण द्यायचो. तसाच एकदा मी खाली असताना समोरचा हॉटेलवाला हेमनदास चहा घेऊन आला आणि मिस्त्रींशी बोलायला लागला. सिंधी मला तोवर कळू लागली होती, हे त्याच्या ध्यानात नसावं.

मिस्त्रींच्या वारलेल्या बहिणीचा मुलगा गोप त्याच आठवड्यात अजमेरकडून आला होता. पंचविशीचा, उंच, सडपातळ, लांब बोटांचा. ती बोटं मी आल्या आल्या पाहिली होती. हेमनदास म्हणत होता, आता घरचं रक्त आलं, एका कामाला दोन माणसं किती दिवस पोसणार? नागपूर कुठेही काम शोधेल. मला सगळे नागपूर म्हणत. नागपूर मी फक्त आगगाडीतून पाहिलं होतं.

मग मिस्त्रींचा आवाज आला, "पहले वो सीखे तो."

आधी तो शिकू दे. मी अंधारात तेलाच्या नळीचा नट हातात धरून पडून राहिलो. म्हणजे गोप शिकला की माझं इथलं दाणापाणी संपलं. आणि शिकवायचं कोणी? मीच. डॅशबोर्डमागचं दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

मी शिकवलं. दुसरं सुचलंच नाही. ज्या घरचं मी खात होतो त्या घरच्या मुलाला अर्धवट कसं शिकवणार? उलट भीतीने जास्तच शिकवलं, की कोणी म्हणू नये ह्याने हात राखला. गोप हुशार होता. मी जे करायचो ते सगळं तसंच करायचा, मी डाव्या हाताने टॉर्च धरायचो तर तोही डाव्याने. दोरा ओवतानाही माझ्याच चालीने पुटपुटायचा. बोलायला गोड. मला "अदा" म्हणायचा, म्हणजे भाऊ. त्याचा राग येईल असंही काही नव्हतं त्याच्यात.

मग एका कारखान्याच्या अधिकाऱ्यांची विलायती गाडी आली. काळी, लहान, आणि डॅशबोर्ड अख्खा पॉलिश केलेल्या लाकडाचा, वर आंब्याच्या कोयीसारख्या रेघा. पाण्याची सुई बंद पडली होती. साहेब स्वतः उभे राहिले. "लाकडाला चीर गेली तर गाडीची शोभा गेली," एवढंच म्हणाले आणि हेमनदासकडे जाऊन बसले. मिस्त्रींनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "गोप करेगा. तू बाहर से बता."

आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीबाहेर उभा राहून दुसऱ्याचे पाय बघत होतो. गोपने सगळं रीतीने केलं. बॅटरी सोडली, पाणी सोडलं, इंजिनाकडचं टोक काढलं, वायरींत दोरा ओवला, मागचे दोन नट काढले. मग चौकट पुढे ढकलायला लागला. तेव्हा मला त्याच्या टाचा दिसल्या. त्या मातीत रुतत चालल्या होत्या. खाली पडलेला माणूस जोर लावतो तेव्हा त्याचा जोर आधी टाचांत येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी स्वतःच्या टाचा कधी पाहिल्या नव्हत्या.

आणखी एक हिसका आणि लाकूड तडकलं असतं, नाहीतर नळी मुरगळली असती. आणि मग गोपला पुन्हा कोणी मीटरला हात लावू दिला नसता. हे सगळं मनात आलं तेव्हा मी आधीच त्याचा घोटा धरला होता.

"हाथ रोक, गोप. कुछ बाकी है."

टाचा सैल झाल्या. मी वरून हात घातला. आतल्या पत्र्यावर नळीला धरून ठेवणारी एक लहान पट्टी होती, तिचा स्क्रू राहिला होता. तो मी सांगितला, त्याने काढला, आणि चौकट त्याच्या हातात आपोआप आली. लाकडावर ओरखडाही नाही. साहेबांनी येऊन वाकून बघितलं आणि गोपच्या पायांना म्हणाले, "शाबास."

मिस्त्री हसत होते. मला वाटलं, झालं, शिकला.

त्यानंतर त्यांनी मला बोलवायची वाट मी पाहिली नाही. जा म्हणणं त्यांना जड गेलं असतं. ज्या माणसाने मला ताट दिलं त्याच्यावर ती वेळ आणायची नाही, असं मीच ठरवलं. बदलापूरला एक लॉरीमालक होते, तिथल्या कात्रप भागात त्यांच्या विटा आणि गवत वाहणाऱ्या गाड्या उभ्या असत. त्यांच्याकडे मी शब्द टाकला आणि मिस्त्रींना सांगितलं की तिकडे मराठी माणसं आहेत, बरं पडेल. मिस्त्री हात पुसत होते. पुसतच राहिले.

"अच्छा," ते म्हणाले.

अमांनी कोकी बांधून दिल्या. त्या मी वाटेत नदीच्या पुलाजवळ खाल्ल्या, गार झाल्या होत्या.

बदलापूरला मराठी होती हे खरं. पण मालक सकाळी येऊन कामं सांगत आणि जात, ड्रायव्हर गाड्या घेऊन निघत, आणि मी दिवसभर एका उभ्या लॉरीशी एकटा. डॅशबोर्डखालून कोणाशी तरी बोलायची सवय लागलेली, इथे पायांशी बोलायलाही कोणी येत नसे. कॅम्प काही लांब नव्हता, पण मी गेलो नाही. आपणहून सोडलेल्या दारात काय तोंडाने उभं राहायचं, हा एक विचार. आणि माझ्या पडवीत गोपची खाट बघायची नव्हती, हा दुसरा. अशी काही वर्षं गेली.

मग मालकांनी कॅम्पातल्या दलालाकडून एक जुनी लॉरी घेतली. तिचं मीटर काढायला मी खाली शिरलो, वायरींवर हात फिरवला आणि हात थांबला. वायरींतून दोरा ओवलेला होता. वर, खाली, वर, खाली. दोन्ही टोकांना गाठ.

प्रथम वाटलं, माझाच. पण मी कधी दोरा ठेवत नसे, आणि हा लाल होता. पुढे एका जिपेत सापडला. मग अंबरनाथच्या एका डॉक्टरांच्या गाडीत. तिचा ड्रायव्हर जवळ उभा होता. मी दोरा काढणार तसा तो खाली वाकला आणि म्हणाला, "ओ मिस्त्री, तो राहू द्या. त्याच्यामुळे गाडीला काही होत नाही. कॅम्पातून बांधून घेतलाय."

दुसऱ्या रविवारी मी कॅम्पात गेलो. जायला कारण मिळालं होतं. गोपला सांगायचं होतं की बाबा, दोरा शेवटी काढून घ्यायचा असतो.

गॅरेज तेच, पत्रे नवे. गोप मला बघून धावत आला आणि त्याने मला मिठीच मारली. मी दोऱ्याचं विचारलं तर तो गोंधळला.

"वो मन्नत का धागा है ना, अदा? तू तो भगवान का नाम लेके बांधता था."

"मी? कुठल्या देवाचं?"

"वो मेरे को क्या मालूम. तेरी भाषा में था." आणि त्याने डोळे मिटून म्हणून दाखवलं, अगदी माझ्याच चालीत, "वर, खाली, वर, खाली."

तो इतकी वर्षं प्रत्येक गाडीत हे म्हणत आला होता. मी दोरा काढून घेतो ते त्याने पाहिलं होतं, पण त्याला वाटलं की तो माझ्या घरचा पवित्र दोरा आहे, एकच आहे, म्हणून मी बरोबर नेतो. त्याने आपला बाजारातून लाल आणला आणि गाडीतच ठेवायला लागला. ड्रायव्हर मागून बांधून घ्यायला लागले.

मिस्त्री खाटेवर बसून ऐकत होते. बरेच थकले होते. मी त्यांना म्हणालो, "साईं, आपको तो मालूम था. मैं रोज निकालता था. आपने इसको बोला नहीं?"

"क्यों बोलूं?" ते म्हणाले. "किसी गाड़ी में तो मिलेगा तेरे को. फिर आएगा झगड़ा करने."

मी खाटेच्या कडेला बसलो. मग धीर करून, इतकी वर्षं जवळ ठेवलेलं ते विचारलं. हेमनदासला तुम्ही म्हणाला होतात, पहले वो सीखे तो, त्याचा अर्थ काय होता? मिस्त्रींनी आठवून बघितलं. खरंच बघितलं. त्यांना ते वाक्य आठवत नव्हतं. हेमनदास कधी असं काही म्हणाला होता हेही आठवत नव्हतं. "वो तो रोज कुछ बोलता था," म्हणाले. ज्या बोलण्यावरून मी उठून गेलो, ते मी एकट्यानेच ऐकलं होतं म्हणायचं.

अमांनी ताट आणलं. पडवीकडे माझी नजर गेली. तिथे टायर रचलेले होते. गोप पहिल्यापासून आत, मामाजवळ झोपत होता. माझ्यानंतर पडवीत कोणाची खाट कधी पडलीच नव्हती.

मिस्त्री म्हणाले, राहा. मी राहिलो नाही, बदलापूरच्या मालकांची गाडी उघडी पडली होती. त्यानंतर रविवारी मात्र जात राहिलो, मिस्त्री होते तोवर आणि नंतरही.

सोमवारी मी त्या उघड्या गाडीचं मीटर बसवलं. नट आवळले, नळी पट्टीत घेतली, बॅटरी जोडली, सुई हलली. सवयीने दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं. वडिलांनी दिलेलं सूत आता वीतभरच उरलं होतं. थोडं ओढलं तोच हाताला जोर लागला. कुठेतरी अडकलं होतं. मी हात थांबवला, टोकाला गाठ मारली आणि डॅशबोर्डखालून बाहेर आलो.